ओवाळणीतली पाणीपट्टी

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आले ते सही करायला, आणि यंदा एका अर्जाला. ही वही मुलीची आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची. मागची पाने कोरी राहिली होती म्हणून त्यात लिहिते आहे. कोणाला दाखवायचे नाही. तरी वही घरात आहे, कधी कोणाच्या हाती लागली तर त्याने चुकांचे मनावर घेऊ नये. हे तोंडाने सांगता आले असते तर लिहिले नसते. पण चार बायकांत बोलायचे म्हटले की मी हातात काहीतरी काम घेऊन बसते. लहानपणापासून तसेच आहे.

आम्ही थेरगावात राहतो. आमची गल्ली म्हणजे समोरासमोर नऊ खोल्या आणि मधून जेमतेम एक मोटारसायकल जाईल एवढी वाट. इथे पहिली खोली आमच्या ह्यांनी बांधली. ते चाकणला पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये कामाला होते. ओव्हरटाइमच्या पैशांतून अर्धा गुंठा घेतला, पत्रे टाकले आणि पालिकेचा नळ स्वतःच्या नावाने घेतला. पुढे शेजारी खोल्या झाल्या, तसे त्यांनी आमच्याच नळातून पाइप ओढून नेले. तेव्हा ह्यांना कोणाला नाही म्हणता आले नाही. नळ एक, मीटर एक, खोल्या नऊ. ह्यांना जाऊन सहा वर्षे झाली, पण पाणीपट्टीचे बिल अजून त्यांच्याच नावाने येते. पाकिटावर त्यांचे नाव बघितले की क्षणभर वाटते, माणूस कुठेतरी पत्त्यावर आहे.

बिल आमच्या नावाचे म्हणून गोळा करायचे कामही माझ्याकडे आले. दर महिन्याला खोलीमागे तीनशे रुपये. मी मागायला कधी गेले नाही. एक तारखेला मी दारात तांदूळ निवडत बसायची, आणि बायका येता-जाता पैसे परातीशेजारी ठेवून जायच्या. कोणी ठेवले नाहीत तर मी काही बोलायची नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तांदूळ निवडत बसायची. ते सगळ्यांना कळायचे.

लॉकडाऊनमध्ये भाडेकरू गावाला निघून गेले होते तेव्हा बिले थकली. ती थकबाकी पुढे कधी संपलीच नाही. थोडी भरावी, तोवर दंड चढावा. मागच्या वर्षी आम्ही ठरवले की दर महिन्याचे पैसे साठवायचे आणि मार्चच्या आत एकदम मोठी रक्कम भरून टाकायची. सहा महिन्यांत माझ्या डब्यात सोळा हजार दोनशे रुपये जमले. थकबाकी होती तीस हजाराच्या आसपास. निम्मी तरी उतरली असती.

आणि तेवढ्यात निवडणूक लागली.

कित्येक वर्षे पालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे सगळेच आतुर होते. रोज गल्लीत कोणीतरी यायचे. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते, सकाळी दीड तास. त्या दीड तासात गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर असतात, हे उमेदवारांच्या माणसांना माहीत झाले होते. हंडे भरता भरता जाहीरनामे हातात पडायचे. एकाच्या कागदावर चोवीस तास पाणी होते. दुसऱ्याच्या कागदावर प्रत्येक खोलीला वेगळा मीटर, नवी ड्रेनेज लाइन आणि घंटागाडी दोन वेळा. समोरच्या खोलीतली लातूरकडची बाई ते कागद मोठ्याने वाचायची. ती दहावी झालेली, जिभेची तिखट, मला अक्का म्हणायची.

"चोवीस तास पाणी म्हणे! आपण काय म्हशी पाळायलाव का? मला दीड तासच द्या, पण जोरात द्या."

कोपऱ्यावरची म्हातारी इथली मूळची. तिच्या सासऱ्याचे शेत होते तिथे आता सोसायटीचे पार्किंग आहे. ती कट्ट्यावर बसून ऐकायची आणि म्हणायची, "आमी लई बघितलं. मतं झाली की रस्ता खांदत्यात, आन् मग पैकं न्हाईत म्हनून तसाच ठिवत्यात."

त्याच दिवसांत एक बाई आल्या. साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अपक्ष उभ्या होत्या. ढोल नाही, ताशा नाही, बरोबर दोनच बायका. त्यांनी आमची थकबाकी किती ते विचारले. कोणी सांगेना तेव्हा मी हळूच सांगितले. त्या म्हणाल्या, "हे बघा, एकटा नगरसेवक पाणीपट्टी माफ करू शकत नाही. कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दंडात कधी सवलत मिळते, मूळ रक्कम भरावीच लागते. पण हप्ते करून मिळतात. अर्ज करावा लागतो, तो मी लिहून देईन. मतं द्या अगर देऊ नका."

त्या वळल्या तशी समोरची म्हणाली, "ह्या बाई मतं मागायला आल्या की वसुलीला?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. बाईंनी मागे वळून बघितले नाही, पण त्यांच्या कानावर गेले असणार. गल्ली केवढीशी.

चार दिवसांनी भाऊ आले. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. हलगी वाजत होती, गळ्यात उपरणी घातलेली पन्नास माणसे वाटेत मावत नव्हती. बायकांनी ताट तयार ठेवले होते, निरांजन, कुंकू, अक्षता. मी दाराच्या आत उभी होते. ओवाळायला मी पुढे होत नाही. घरात भावाला भाऊबिजेला ओवाळते, ते वेगळे. पण बाहेरच्या कार्यात, हे गेल्यापासून, माझ्या हातात कोणी ताट दिलेले नाही. कोणी वाईट बोलत नाही. फक्त ताट माझ्या बाजूने न जाता पलीकडून जाते.

भाऊंची नजर माझ्यावर पडली. "ताई, तुम्ही आत का? या की बाहेर."

समोरची पटकन म्हणाली, "तिला ऱ्हाऊ द्या भाऊ. तिचं माणूस गेलंय."

"मग काय झालं?" भाऊ मोठ्याने म्हणाले. "माझ्या वॉर्डात असलं काही चालणार नाही. आज मला ह्याच ताई ओवाळणार. द्या ताट त्यांच्याकडे."

हलगी थांबली. ताट माझ्या हातात आले तेव्हा कलले आणि निरांजनातले तेल कुंकवात सांडले. मी ओवाळले. वर बघायचे धाडस झाले नाही, त्यांच्या सदऱ्याची बटणेच तेवढी दिसली. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत होते. मग भाऊ हसून म्हणाले, "आता ओवाळणी काय घालू? आचारसंहिता आहे, ताटात नोट टाकली तर उद्या माझ्यावर केस. सांगा ताई, अडचण काय आहे तुमची?"

माझ्याआधी समोरचीच म्हणाली, "पाणीपट्टी थकलीय भाऊ. तीस हजार."

"एवढंच? ह्या गल्लीची थकलेली पाणीपट्टी माफ. ही माझी ताईंना ओवाळणी समजा. घातली ताटात!" असे म्हणून त्यांनी रिकामी मूठ माझ्या ताटावर उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलगी पुन्हा सुरू झाली आणि ते पुढच्या गल्लीत गेले.

मी आत येऊन ताट देवापाशी ठेवले. रडू आले ते पाणीपट्टीमुळे नव्हते. सहा वर्षांनी चार लोकांत ताट हातात आले होते.

मी भाऊंवर विश्वास ठेवला याचे कारण आत्ता लिहिताना मला बालिश वाटते, पण तेव्हा वाटले नव्हते. माझ्या माहेरी, बार्शीकडे, ओवाळणी कधी मोजत नाहीत आणि मागत तर नाहीतच. एका भाऊबिजेला माझ्या भावाकडे काही नव्हते. त्याने ताटात नुसती सुपारी ठेवली आणि म्हणाला, लुगडे उधार. मी एकदाही आठवण दिली नाही. तिसऱ्या वर्षी त्याने लुगडे आणले. बोललेली ओवाळणी भाऊ विसरत नसतो आणि बहिणीने ती मागायची नसते, एवढेच मला माहीत होते. मत मागण्यासाठी कोणी दारात आला आणि मी त्याला ओवाळले, तर तोही त्याच हिशोबात बसतो, असे मी धरून चालले.

संक्रांतीला आठ दिवस होते. पाण्याच्या वेळी समोरचीने विषय काढला.

"अक्का, डब्यातले पैसे कशाला ठेवून घ्यायलीस आता? माफ झालं की."

मी म्हटले, "निकाल तरी लागू दे."

"निकाल काय लागायचा? तेच येणार. आन् ओवाळणी घातली की तुझ्या ताटात सगळ्यांदेखत. तुझाच तुझ्या भावावर इस्वास न्हाई का?"

बायका हसल्या. कट्ट्यावरून म्हातारी म्हणाली, "न्हाई म्हन पोरी. पैकं ऱ्हाऊ दे." पण दुसऱ्या दोघी म्हणाल्या की सण तोंडावर आहे, आमचे आम्हाला द्या. मला नाही म्हणता आले नाही. खरे लिहायचे तर मला नाही म्हणायचेही नव्हते. त्या पहिल्यांदाच माझ्याशी अशा बोलत होत्या, जणू माझ्यामुळे गल्लीत काही चांगले झाले. मी डबा आणला आणि प्रत्येकीच्या हातावर अठराशे रुपये मोजून ठेवले. समोरचीने सिलिंडर आणला आणि पोरांना स्वेटर घेतले. म्हातारी घेईना, तिचे अठराशे मी डब्यातच ठेवले. माझ्या वाट्याच्या अठराशेंतून मी मुलीला बूट घेतले.

वॉर्डात चार जागा, म्हणून मतदानाला चार मते द्यायची होती. मी चारही बटणे भाऊंच्या पॅनलची दाबली. भाऊ निवडून आले. रात्री गुलाल गल्लीत आला, माझ्या उंबऱ्यावरही पडला. मी दोन दिवस तो झाडला नाही.

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये बिल आले, त्यात थकबाकी तशीच होती, उलट वाढलेली. मी म्हटले, कागद वरून निघायला वेळ लागत असेल. कोणीतरी जाऊन विचारायला हवे होते आणि ते मीच असायला हवे होते. रोज सकाळी मेसमधल्या पोळ्या करून येताना मी त्यांच्या संपर्क कार्यालयावरून जायची. एका मेसमध्ये मी पोळ्या लाटते, सकाळी चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांचे डबे असतात. तीनशे पोळ्या करून हात भरून आलेले असत. कार्यालयाच्या दारात चपला दिसत, आत माणसे दिसत. मी पुढे जायची. जाऊन काय म्हणू? माझी ओवाळणी द्या म्हणू? असे सव्वा महिना चालले. समोरची विचारायची, "अक्का, गेली होतीस का?" मी म्हणायची, "गर्दी होती." हे खोटे होते.

मग नोटीस आली. ती मी कोणाला दाखवली नाही. देवाच्या फळीवर, ताटाखाली ठेवली. मुलीलासुद्धा सांगितले नाही. ती मला ओरडली असती आणि बरोबर ओरडली असती.

एप्रिल संपताना एका सकाळी पालिकेची गाडी आली. तीन माणसे उतरली. एकाच्या हातात यादी होती, त्याने ह्यांचे नाव वाचले. मी पुढे झाले. "ते नाहीत," मी म्हटले. तो म्हणाला, "नसू देत. बिल आहे ना." त्यांनी खड्डा करून जोड तोडला, वर बूच बसवले. वीस मिनिटांचे काम. गाडी गेली तेव्हा नऊ खोल्यांच्या दारांत बायका उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

समोरची म्हणाली, "नोटीस आली नव्हती का अक्का?"

माझी नजर आत देवाच्या फळीकडे गेली.

"आली होती! बाई, आली होती आणि हिनं दाबून ठेवली! आम्ही काय मेलो होतो काय इथं?"

तिचे काही चुकले नव्हते.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहायला नको वाटते. उन्हाळा होता. बायका पलीकडच्या गल्लीत हंडे घेऊन जायच्या, तिथल्या बायका आपले भरून झाल्यावर उरलेले द्यायच्या, आणि द्यायच्या आधी बोलायच्या. टँकर सांगितला तर तो गल्लीत शिरेना, पाइप पुरेना. प्यायला जार विकत. मुलगी कॉलेजला जायच्या आधी चार खेपा करायची. एकदा पायरीवर पडली, हंडा गेला, गुडघा फुटला. ती मला काही बोलली नाही. समोरची तर रोज बोलायची. मी तिच्या दारापुढे दोन वेळा हंडा भरून ठेवला, तो तिने घेतला, पण बोलणे थांबवले नाही.

मुलगी पडली त्या दिवशी मी कार्यालयात गेले. दोन तास बसले. भिंतीवर मोठा फ्लेक्स होता, भाऊंच्या प्रचाराचे फोटो. त्यातल्या एकात त्यांना कोणीतरी ओवाळते आहे. ओवाळणारीचा चेहरा फोटोत घेतलेला नव्हता, दोन हात आणि ताट एवढेच होते. डाव्या मनगटावर तव्याचा जुना चटका दिसत होता म्हणून मला कळले.

भाऊ आले, सगळ्यांना हात जोडले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला मावशी."

ताई म्हणाले असते तर मी कदाचित बोलले असते. मी एवढेच म्हटले, "आमचा नळ तोडला."

"थकबाकी आहे का?"

"आहे. तुम्ही माफ होईल म्हणाला होता."

"बरोबर आहे, आपण सभेपुढे विषय दिलाय." ते चांगलेच बोलत होते, आवाजात राग नव्हता. "पण मावशी, ते एकट्याच्या हातात नसतं. वर मंजूर व्हावं लागतं. प्रयत्न चालू आहे. तोवर थोडं भरून जोडून घ्या, मी फोन करतो हवं तर." त्यांच्या माणसाने माझा नंबर लिहून घेतला. वहीत माझ्या आधी पुष्कळ नंबर होते.

बाहेर आले तेव्हा मला राग आला नाही. लाज वाटली. त्यांनी सांगितले ते त्या शाळेच्या बाईंनी आधीच सांगितले होते, फुकट, आणि आम्ही त्यांना हसलो होतो.

बाईंचे घर शोधायला मला आणखी तीन दिवस लागले, कारण तीन दिवस मी चौकापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या दिवशी बेल वाजवली. त्यांनी दार उघडले, ओळखले. "वसुलीवाल्या बाईंकडे आलात," त्या म्हणाल्या. मी खाली बघितले. त्यांनी पाणी दिले. मग म्हणाल्या, "तुमच्या बूथवर मला एकोणीस मतं पडली. त्यातलं तुमचं होतं का, हे मी विचारणार नाही."

त्यांनी विचारले असते तर मी खरे सांगितले असते. पण त्यांनी खरेच विचारले नाही. मीही न विचारता सांगितले नाही. ते अजून माझ्याकडे राहिले आहे.

अर्ज त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. स्वतःच्या हाताने लिहा म्हणाल्या, म्हणजे उद्या कोणी हे तुमचे नव्हे म्हणणार नाही. एका पानाला पाऊण तास लागला. दोन वेळा फाडून पुन्हा लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आल्या. तिथल्या साहेबांसमोर त्या चांगल्या खमकेपणाने बोलल्या. दंड, जोडणीचे पैसे सगळे धरून चौतीस हजार झाले. दहा हजार आधी भरायचे, मग नळ जोडणार, बाकीचे चार-चार हजारांचे सहा हप्ते. एक हप्ता चुकला तर पुन्हा तोडणार. चालू बिल वेगळे.

दहा हजार मी मेसच्या मालकिणीकडून उचल घेतली. तिने विचारले, "लग्न काढलंस का पोरीचं?" मी म्हटले, पाण्याचे आहे. ती म्हणाली, "पाण्याला दहा हजार? आमच्या गावात विहीर पडेल त्यात." पण दिले, आणि महिन्याला हजार कापीन म्हणाली.

नळ जोडला त्या सकाळी पाणी आधी गढूळ आले, मग स्वच्छ. बायकांनी भरून घेतले. मी त्यांना एकत्र बोलवून सांगायला हवे होते की आता खोलीमागे पाचशे द्यावे लागतील. माझ्याने ते होईना. शेवटी म्हातारीनेच सांगितले. कट्ट्यावर उभी राहून ओरडली, "अठराशे खाल्लं तवा गोड लागलं व्हय? आता पाचशे काढा. ही एकटी मरंल का समद्यांसाठी?" आणि स्वतःचे पाचशे माझ्या परातीशेजारी ठेवले, वर म्हणाली की डब्यातले तिचे अठराशेही त्यातच धर.

सहा खोल्यांनी दिले. एका खोलीतली माणसे नवीन होती. जुन्याची थकबाकी आम्ही का भरायची म्हणाली, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. समोरचीने दोन महिने दिले, मग नवऱ्याचे काम सुटले म्हणून थांबली. ज्या दोन खोल्यांचे आले नाहीत त्यांचे मी घातले. सकाळच्या तीनशे पोळ्यांवर संध्याकाळच्या शंभर वाढवल्या. उजवा खांदा रात्री झोपू द्यायचा नाही. मुलगी तेल लावून द्यायची आणि तेव्हाही काही बोलायची नाही. तिने एकदा तरी बोलावे असे मला वाटायचे.

दिवाळीनंतर समोरची खोली सोडून मोशीला गेली. टेम्पोत सामान भरताना मी दारात उभी होते. ती म्हणाली, "अक्का, माझे राहिले तेवढे मी पाठवीन." मग थोडे थांबून, "तूच त्या दिवशी न्हाई म्हणायचं होतंस. मी काय, मी बोलतेच." मी मान हलवली. तिने पाठवले नाहीत. मी आठवण दिली नाही.

चालू बिलाबरोबर पाचवा हप्ता भरला तेव्हा माझ्या डब्यात सतरा रुपये उरले. सहाव्यासाठी मालकिणीला म्हटले, ह्या महिन्याचे हजार कापू नका. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात दोन कापीन. मी बरे म्हटले.

कालच्या सोमवारी मी सहावा हप्ता भरायला गेले. एकटी गेले. बाईंना दवाखान्यात जायचे होते. खिडकीवर रांग होती, माझ्या पुढे एक म्हातारा घरपट्टीवरून भांडत होता. त्याचे झाले तसे मी पैसे आत सरकवले. बहुतेक शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा होत्या, पाच दहाच्या. आतल्या पोराने त्या दोनदा मोजल्या, कॉम्प्युटरवर बघितले आणि ह्यांचे नाव मोठ्याने वाचले.

"ह्यांचंच बिल ना?"

"हो," मी म्हटले.

"झालं. मागचं काही राहिलं नाही." त्याने पावती फाडून दिली. मी बाजूला होऊन भिंतीशी उभी राहिले आणि ती वाचली. वर ह्यांचे नाव, खाली थकबाकीपुढे शून्य.